पाळीपत्रकामागची माणसे

बीड शहरापासून सोलापूरच्या दिशेने सुमारे दहा किलोमीटर अंतरावर पाली हे गाव आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतून येणारी बिंदुसरा नदी याच परिसरात अडविण्यात आली असून १९५० च्या दशकात उभा राहिलेला बिंदुसरा प्रकल्प येथे आहे. पुढे ही नदी बीड शहरातून वाहत जाऊन सिंदफणेस मिळते आणि सिंदफणा गोदावरीस. पालीहून बीडकडे येताना वाटेतच प्रसिद्ध खजाना विहीर लागते. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या विहिरीतील पाणी भूमिगत नहरातून, कोणत्याही यंत्राच्या साहाय्याविना, केवळ उताराने शेतीपर्यंत नेलेले आहे. अवघ्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात, जवळजवळ पावणेचारशे वर्षांच्या अंतराने झालेली पाणी साठविण्याची व वाहून नेण्याची ही दोन कामे पाहावयास मिळतात, आणि दोन्ही कामांत स्थापत्याची बाजू भक्कम आहे.

परंतु पाणी साठविले म्हणजे ते शेवटच्या शेतापर्यंत पोहोचलेच असे होत नाही. साठवण आणि शेत यांच्यामध्ये एक लांबलचक कार्यपद्धती असते. तीत अर्ज असतात, मंजुऱ्या असतात, दरवाजे उघडणारे व बंद करणारे हात असतात, मोजणी आणि आकारणी असते. या कार्यपद्धतीत सुधारणा करावयाची झाल्यास ती कोणी करावी, तीत कोणाकोणाला सामील करून घ्यावे आणि प्रत्येकाने कोणती भूमिका पार पाडावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. (गावाचे नाव पाली आणि विषय पाण्याच्या पाळीचा, हा केवळ योगायोग.) पालीच्या कालव्यावर काय घडते याचा हा वृत्तांत नव्हे. महाराष्ट्रातील कालव्यांवर सर्वसाधारणपणे जी पद्धत रूढ आहे, तिचाच येथे विचार केला आहे. कालव्याचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. कचेरीतील एखादी पद्धत बिघडली तर तिचा फटका कागदाला आधी आणि माणसाला नंतर बसतो. कालव्यावर मात्र आठ दिवसांचा विलंब झाला की गव्हाची ओंबी भरावयाची राहून जाते, आणि त्या वर्षापुरता तो प्रश्न तेथेच संपतो.

अर्जापासून वाफ्यापर्यंत

पावसाळा संपला की जलाशयात पाणी किती आहे याचा हिशेब होतो. पिण्याच्या पाण्याचा वाटा प्रथम बाजूला काढण्यात येतो. उरलेल्या पाण्यात रब्बीच्या किती पाळ्या देता येतील आणि उन्हाळ्यासाठी काही राखता येईल काय, याचा निर्णय कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरपासून धरला जातो. त्यानंतर जाहीर प्रकटन निघते, गावोगाव दवंडी पिटली जाते आणि शेतकरी नमुना सातमध्ये अर्ज भरतात. हाच तो शेतकऱ्यांच्या तोंडी रूढ झालेला ‘सात नंबरचा फॉर्म’. अर्ज शाखा कार्यालयात जातात, थकबाकी तपासली जाते, मंजुरी होते. मग कोणत्या चारीवर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, किती तास पाणी द्यावयाचे याचे पाळीपत्रक तयार होते. शेजपाळीच्या रिवाजानुसार पाणी चारीच्या शेवटच्या टोकापासून, म्हणजे ‘टेल’पासून सुरू होऊन शेजाऱ्यामागून शेजारी या क्रमाने वरच्या टोकाकडे, ‘हेड’कडे यावयाचे असते. पाळी संपल्यावर भिजलेल्या क्षेत्राची मोजणी, विनापरवाना भिजलेल्या क्षेत्राचा पंचनामा, आकारणी, खतावणी आणि सरतेशेवटी पाणीपट्टीची वसुली असा हा क्रम असतो.

कागदावर यात उणे काढावयास फारसे काही नाही. टेलपासून आरंभ करण्याचा नियम तर विशेष न्यायबुद्धीने घातलेला आहे. ज्याच्याकडे पाणी पोहोचणे सर्वांत अवघड, त्याला ते सर्वांत आधी, अशी त्यामागील दृष्टी आहे. प्रत्यक्षात मात्र पहिल्या रात्री पाणी सुटते तेव्हा ते मुख्य कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून मायनरमध्ये आणि मायनरमधून चारीत उतरते. टेलपर्यंत जाण्यासाठी त्याला हेडच्या प्रत्येक शेतावरून जावे लागते. वाटेत चारी तणाने भरलेली असते, खेकड्यांनी बांध पोखरलेला असतो, कोठे दाराची फळीच नाहीशी झालेली असते. आणि रात्रीच्या अंधारात कोणीतरी चारी फोडतो. तीन दिवसांच्या पाळीतील दोन दिवस अशा रीतीने वाटेतच खर्ची पडले की टेलचा शेतकरी खांद्यावर फावडे टाकून, दारे धरण्याच्या तयारीने रात्रभर बांधावर बसून राहतो आणि पहाटे कोरड्या चारीकडे पाहून घरी परततो. पुढच्या वर्षी तो सात नंबरचा फॉर्म भरीत नाही. अर्ज कमी आले म्हणून मागणी कमी दिसते, मागणी कमी म्हणून पाळीपत्रक ढिले होते, आणि ढिल्या पाळीपत्रकाचा लाभ पुन्हा हेडकडेच जातो. दप्तरात या साऱ्याची नोंद एवढीच होते की, अमुक क्षेत्रासाठी मागणी आली नाही.

येथेच कार्यपद्धतीच्या सुधारणेचा पहिला धडा मिळतो. दोष ज्या ठिकाणी निर्माण होतो, ज्या ठिकाणी तो जाणवतो आणि ज्या ठिकाणी त्याची नोंद होते, ही तीन ठिकाणे बहुधा वेगवेगळी असतात. चारी फुटते मध्यावर, पीक वाळते टेलला आणि आकडा भरला जातो शाखा कार्यालयात. केवळ आकडे पाहून सुधारणा योजणारा अधिकारी कितीही तळमळीचा असला तरी त्याच्यासमोर अपुरे चित्र असते. जपानमधील कारखान्यांत १९६२ पासून गुणवत्ता मंडळांची चळवळ सुरू झाली, तिचे मर्मही हेच होते. यंत्रावर प्रत्यक्ष काम करणारा कामगार दोष प्रथम पाहतो, तेव्हा सुधारणेच्या विचारविनिमयात तो असलाच पाहिजे, असे त्या मंडळींनी ठरविले. कालव्यावर ते स्थान पाटकऱ्याचे आणि टेलच्या शेतकऱ्याचे आहे.

हितसंबंधी कोण?

व्यवस्थापनशास्त्रात ज्यांचे हित किंवा अहित एखाद्या कामाशी निगडित असते, त्यांना हितसंबंधी म्हणतात. मराठीत या शब्दाला थोडा वाईट वास चिकटलेला आहे. ‘हितसंबंधी मंडळींनी अडथळे आणले’ अशा वाक्यांतूनच तो आपल्या कानावर पडतो. येथे तो शब्द निर्मळ अर्थाने घ्यावयाचा आहे. सुधारणा हाती घेण्यापूर्वी या हितसंबंधींची यादी करणे हे पहिले काम, आणि अनुभव असा की ही यादी नेहमीच पहिल्या खेपेस अपुरी होते.

कालव्याच्या बाबतीत लाभक्षेत्रातील शेतकरी आणि पाटबंधारे खाते, एवढी दोन नावे कोणीही सांगेल. थोडा विचार केल्यास शहराची पाणीपुरवठा यंत्रणा आठवेल. बिंदुसरेसारख्या प्रकल्पात तर हे नाव वरचेच आहे, कारण बीड शहराच्या पाणीपुरवठ्याचा हा एक जुना स्रोत आहे. टंचाईच्या वर्षी शहराचे आरक्षण वाढले की शेतीची एक पाळी कमी होते. शहरवासीयांना ती पाळी दिसत नाही आणि शेतकऱ्यांना शहरातील रिकाम्या घागरी दिसत नाहीत. नदीकाठच्या वस्तीचा संबंध आणखी निराळा. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेच्या पुराने बीड शहराची मोठी हानी केली होती. तेव्हा जलाशयाच्या पाण्याशी ज्यांचा टंचाईत संबंध येतो त्यांचाच तो अतिवृष्टीतही येतो, फक्त उलट्या दिशेने.

यापुढची नावे सहसा यादीत येत नाहीत. कालव्याच्या पाझराने ज्यांच्या विहिरींना पाणी टिकते, असे विहीरवाले शेतकरी कालव्याचे पाणी प्रत्यक्ष मागत नाहीत, म्हणून ते अर्जदारांत नसतात. परंतु चारीला अस्तर घातले किंवा पाळ्या बदलल्या तर त्यांच्या विहिरी त्या बदलाची साक्ष देतात. जलाशयात मासेमारी करणाऱ्यांना पाण्याची किमान पातळी हवी असते. गाळपेर जमिनीवर पेरणी करणाऱ्यांना पाणी लवकर ओसरावयास हवे असते. शेतमजुराच्या नावे जमीन नसते, परंतु भिजलेल्या क्षेत्रावरच त्याची खुरपणी आणि काढणी अवलंबून असते. आणि ज्या स्त्रिया प्रत्यक्ष पिकात राबतात त्यांच्या नावे सातबारा नसल्यामुळे सभेचे निमंत्रण त्यांच्या घरी येते, त्यांच्या नावाने मात्र येत नाही.

बीड जिल्ह्यात या यादीत आणखी एक मोठे नाव घालावे लागते, ते ऊसतोड कामगारांचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि हंगाम आटोपल्यावर, गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, म्हणून घरातील कर्ती माणसे दोघेही बाहेर असतात. यांपैकी कित्येकांची थोडीबहुत जमीन असते. आता वर सांगितलेले वेळापत्रक पुन्हा पाहावे. पाण्याचा निर्णय, प्रकटन, अर्ज, पाळीपत्रक आणि रब्बीच्या साऱ्या पाळ्या नेमक्या त्याच महिन्यांत येतात. गावी उरलेली म्हातारी माणसे रात्रीची दारे धरू शकत नाहीत. परिणामी ज्यांना आपल्या रानात पाणी मिळाले असते तर कदाचित गाव सोडावे लागले नसते, तेच लोक पाणी वाटपाचा निर्णय होताना गावात नसतात. हा दोष कोणा व्यक्तीचा नाही, दोन वेळापत्रके एकमेकांवर आदळल्याचा तो परिणाम आहे. परंतु यादी करताना ‘या गावातले कोण आज येथे नाही?’ हा प्रश्न विचारल्याखेरीज तो कोणाच्या ध्यानीही यावयाचा नाही.

यादीतील सर्वांत नाजूक भाग म्हणजे ज्यांचे सुधारणेमुळे काही जाणार आहे, अशांचा. हेडच्या शेतकऱ्याला आजवर मोकळे पाणी मिळत आले आहे. ते अन्यायाचे असले तरी त्याने त्याच्या भरवशावर ऊस लावलेला असतो, कर्ज काढलेले असते. पाळीपत्रकाच्या ढिलेपणात खालच्या कर्मचाऱ्याला जो मान मिळतो, तो पत्रक भिंतीवर लागताच नाहीसा होतो. अशा मंडळींना विरोधक ठरवून बाजूला ठेवण्याकडे कार्यकर्त्यांचा कल असतो. ते चुकीचे आहे. चारी कोठे व कशी फुटते याचे ज्ञान ज्याच्याकडे आहे, त्याला बाहेर ठेवून चारीची व्यवस्था बसत नाही. हेडच्या शेतकऱ्याशी बोलणे व्हावयास हवे आणि त्यात त्यालाही काही मिळावयास हवे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला, खात्रीने मिळणारे मोजके पाणी हे अनिश्चित आणि भरमसाट पाण्यापेक्षा पिकाला अधिक मानवते, ही गोष्ट हेडच्या शेतकऱ्यालाही पटविता येते. अति पाण्याने चिबड झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती लवकर पटते.

भूमिका आणि माणसे

हितसंबंधी सगळे, परंतु सगळ्यांनी मिळून काम करावयाचे म्हटले तर काम होत नाही, सभा होतात. म्हणून मोठ्या यादीतून आठ-दहा जणांचा एक गट निवडावा लागतो आणि गटात प्रत्येकाची भूमिका ठरवावी लागते. या भूमिका पदांवरून ठरत नाहीत, हे प्रथमच सांगितलेले बरे. आपल्याकडील समित्यांची घडण पाहिली तर अध्यक्ष, सचिव व सदस्य अशी उतरंड दिसते आणि पदाच्या ज्येष्ठतेनुसार माणसे तीत बसविली जातात. ती रचना सभेपुरती ठीक असते. कामाच्या दृष्टीने वेगळी विभागणी लागते.

गटाला एक पाठीराखा हवा. ज्याच्या शब्दाने अडथळे दूर होऊ शकतात, असा अधिकारी तो असावा. कालव्याच्या कामात बहुधा कार्यकारी अभियंता ही भूमिका करू शकेल. त्याने प्रत्येक बैठकीस येण्याची आवश्यकता नाही, किंबहुना न आलेलेच बरे, कारण तो समोर असता पाटकरी तोंड उघडीत नाही. त्याने आरंभी काय साधावयाचे ते स्पष्ट करावे, दाराच्या फळ्यांसाठी निधी लागला तर तो मिळवून द्यावा आणि गटाने सुचविलेल्या गोष्टींपैकी कोणत्या मान्य व कोणत्या अमान्य हे ठरावीक मुदतीत कळवावे. मुदतीत आलेले ‘नाही’सुद्धा गट पचवू शकतो. उत्तरच न येणे मात्र गटाला मारते.

दुसरी भूमिका कार्यपद्धतीच्या धन्याची. सुधारणेचे काम संपून गट विसर्जित झाला तरी ज्याला ही पद्धत रोज चालवावयाची आहे, तो धनी. शाखा अभियंता, किंवा जेथे पाणी वापर संस्था स्थापन झाली आहे तेथे संस्था, हे त्याचे नैसर्गिक स्थान आहे. पुष्कळ चांगले उपक्रम एखाद्या उत्साही अधिकाऱ्याची बदली होताच मागे पडतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की पाठीराखा आणि धनी या दोन्ही भूमिका एकाच माणसाने केलेल्या असतात. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कार्यालयाच्या कामकाजाची केलेली पुनर्रचना ‘लखीना पॅटर्न’ या नावाने राज्यभर माहीत झाली. कचेरीतील कर्मचाऱ्यांना आजही ते नाव ठाऊक असते. पण कोणत्याही कार्यालयात अशी पद्धत रुजावयाची तर अभिलेखाच्या कपाटाची किल्ली ज्याच्या हाती आहे त्या लिपिकाने ती आपली मानावी लागते. कालव्यावर हे अधिकच कठीण, कारण तेथे सारे काम एका छपराखाली नसते.

तिसरा सूत्रधार. त्याला कोणाच्याही बाजूचे पाणी नको असते, म्हणून सर्वजण त्याचे ऐकून घेतात. बैठकीत मोठ्या आवाजाच्या माणसाला आवरणे आणि न बोलणाऱ्याला बोलते करणे हे त्याचे काम. फिलिपाईन्समध्ये राष्ट्रीय सिंचन प्रशासनाने १९७६ पासून अशा कामासाठी संघटक नेमून त्यांना बांधकामाच्या अगोदरच गावांत राहावयास पाठविले होते. आपल्याकडे ही भूमिका एखाद्या स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता किंवा गावातील शिक्षक चांगल्या प्रकारे करू शकतो. मात्र शिक्षकाचे स्वतःचे शेत त्याच चारीवर असेल तर त्याने सूत्रधार न होता सरळ सदस्य व्हावे.

नोंद ठेवणारा हा चौथा. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या दारापर्यंत पोहोचले याची साधी वही त्याने ठेवावयाची असते. सुधारणा झाली की नाही याचा निवाडा पुढे हीच वही करते. ही वही हेडच्या माणसाकडे नसावी, टेलच्या माणसाकडे असावी. तेथे पाणी पोहोचल्याची वेळ लिहिली गेली की वरचे सर्व प्रश्न आपोआप त्या वेळेत सामावतात.

उरलेले सदस्य म्हणजे हेडचा, मधला आणि टेलचा शेतकरी, पाटकरी, कालवा निरीक्षक, ग्रामपंचायतीचा एक सदस्य आणि प्रत्यक्ष शेतात राबणाऱ्या एक-दोन स्त्रिया. यांच्यापैकी प्रत्येकाच्या बाबतीत एक साधा खुलासा करून घ्यावा लागतो. अमुक काम करणार कोण, त्याबद्दल उत्तर देणार कोण, करण्यापूर्वी विचारावयाचे कोणाला आणि केल्यानंतर कळवावयाचे कोणाला? चारीची सफाई घ्या. ती करणारे शेतकरी. ती झाली नाही तर उत्तर देणार संस्थेचा अध्यक्ष. तारीख ठरविताना विचारावयाचे पाटकऱ्याला, कारण पाणी केव्हा सुटणार ते त्याला माहीत. आणि कळवावयाचे ग्रामपंचायतीला, म्हणजे तिच्या रस्त्याच्या कामाची माती पुन्हा चारीत येऊन पडणार नाही. ‘सर्वांनी मिळून करू’ असा ठराव झाला की उत्तर देणारा कोणीच उरत नाही, आणि चारी पुढच्या हंगामातही तणाने भरलेलीच सापडते.

ही विभागणी परदेशातून आलेली आहे असे कोणी समजू नये. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत पाहिली तर तेथे पाणी वाटणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या आणि त्यांच्यावर देखरेख करणारा हवालदार, असे निरनिराळे मानकरी दिसतात. त्यांचा मोबदला लाभधारकांनीच द्यावयाचा आणि ते लाभधारकांनाच जबाबदार. टंचाईच्या वर्षी किती फडांना पाणी द्यावयाचे हेही लाभधारक मिळून ठरवीत. जगातील अशा सामूहिक व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. राखण करणारा माणूस वापरणाऱ्यांना जबाबदार असला म्हणजे व्यवस्था टिकते, हा त्यांच्या निष्कर्षांपैकी एक. पांझरेकाठच्या शेतकऱ्याला त्यात नवे काही वाटले नसते.

वाघाडचा अनुभव

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात वाघाड हे धरण आहे. त्याच्या कालव्याचे शेवटचे टोक निफाड तालुक्यातील ओझर परिसरात येते. धरण होऊनही ओझरच्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोहोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्र या संस्थेने, बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने, हा प्रश्न हाती घेतला आणि १९९० च्या सुमारास टेलच्या भागात तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. वर सांगितलेल्या भूमिकांच्या दृष्टीने हे उदाहरण फार बोलके आहे. सुधारणेची सुरुवात हेडपासून झाली नाही, टेलपासून झाली. ज्यांचे सर्वाधिक नुकसान होत होते तेच प्रथम संघटित झाले, आणि संघटित झाल्यावर त्यांनी खात्याकडे तक्रार अर्ज नेण्याऐवजी करार मागितला. पाणी घनमापाने मोजून द्यावे, मापाप्रमाणे पैसे घ्यावे आणि आत त्याची वाटणी कशी करावयाची ते संस्थेवर सोपवावे, असा तो व्यवहार होता.

घनमापाचा हा मुद्दा वरवर तांत्रिक दिसतो, पण भूमिका पालटण्याचे काम त्यानेच केले. क्षेत्रावर आकारणी होती तोपर्यंत प्रत्येक शेतकरी खात्याचा स्वतंत्र गिऱ्हाईक होता आणि जास्त पाणी घेण्यात त्याचे काहीच जात नव्हते. संस्थेच्या दारात पाणी मोजून मिळू लागताच एकाचा अपव्यय दुसऱ्याच्या वाट्यातून जाऊ लागला, आणि राखण करणे सर्वांच्या हिताचे झाले. खात्याचा अधिकारी तोवर शेतोशेती मोजणी करणारा होता, तो आता मापाची हमी देणारा झाला. ओझरच्या संस्थांनी आपल्या वाट्याचे पाणी स्थानिक नाल्यांवरील बंधाऱ्यांत सोडून विहिरींची पातळी वाढविण्याचाही मार्ग अवलंबिला. त्यामुळे कालव्याचा लाभधारक आणि विहिरीचा मालक हे दोन हितसंबंधी एकाच हिशेबात आले.

टेलला पाणी मिळते हे पाहून मधल्या व वरच्या भागांतही संस्था निघाल्या. त्यांची संख्या २४ झाली आणि २००३ च्या सुमारास संपूर्ण प्रकल्पासाठी एक संस्था स्थापन झाली. म्हणजे पहिल्या तीन संस्थांपासून येथपर्यंत येण्यास बारा-तेरा वर्षे लागली. मार्चअखेर उद्दिष्ट पूर्ण करण्याची सवय लागलेल्या यंत्रणेने हा कालावधी लक्षात ठेवावयास हवा. या परिसरातील द्राक्षबागांची भरभराट सर्वांच्या डोळ्यांत भरते, पण तिच्यामागे त्या वर्षांतील असंख्य बैठका आहेत.

पुढे २००५ मध्ये राज्याने महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम केला. संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मध्य व टेल अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व देण्याची तरतूद त्यात आहे, तशीच स्त्रियांसाठीही आहे. टेलच्या माणसाला निर्णयात स्थान देण्याची जी गोष्ट ओझरला चळवळीने साधली, ती अशा रीतीने कायद्यात आली. तथापि कायद्याने खुर्ची मिळते, बोलण्याचे बळ त्याने मिळतेच असे नाही. अनेक ठिकाणी संस्था नोंदल्या जातात, शिक्का तयार होतो आणि पाणी पूर्वीच्याच वाटेने जात राहते. बहुतांशी याचे मूळ असे असते की संस्था ही पाळीपत्रकाच्या कामाआधी घडविली गेली. वाघाडला काम आधी होते, संस्था त्या कामासाठी आली.

संयुक्त पाहणी

कालवा संस्थेकडे सोपविण्यापूर्वी अधिकारी आणि शेतकरी यांनी मिळून त्याची पाहणी करावयाची असते. हा उपचार समजून तासाभरात जीपमधून उरकला जातो तेथे त्याचा उपयोग शून्य. तो पायी केला, आणि शेजपाळीप्रमाणे टेलकडून हेडकडे येत केला, तर सुधारणेच्या साऱ्या कामाची ती पहिली शाळा ठरू शकते. शेवटच्या दारापाशी उभे राहून टेलचा शेतकरी सांगतो, पाणी येथवर केव्हा आले होते. शंभर पावले वर पाटकरी दाखवितो, बांध कोठे पोखरला आहे. आणखी वर शाखा अभियंता सांगतो, हे दार मूळ आराखड्यात नाहीच, ते नंतर कोणीतरी बसविले. तेथे हेडचा शेतकरी थोडा वेळ गप्प राहतो, आणि मग त्याचीही बाजू सांगतो. सूत्रधाराने त्या ठिकाणी घाई करू नये. नोंद ठेवणाऱ्याने प्रत्येक दाराला क्रमांक देऊन त्यासमोर तीनच गोष्टी लिहाव्यात : काय मोडले आहे, ते कोण दुरुस्त करणार आणि केव्हापर्यंत. पाठीराख्या अधिकाऱ्याकडे या वहीची एक प्रत त्याच आठवड्यात जावी. दुसरी प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि पाळीपत्रक तयार होताच तेही तिच्या शेजारी लागावे.

अशी पाहणी करण्याचा मुहूर्त प्रत्येक ठिकाणी वेगळा. जेथून लोक स्थलांतर करीत नाहीत तेथे ती ऑक्टोबरच्या अखेरीस केली तरी चालते. पाली आणि बीड तालुक्यातील इतर गावांसारख्या ठिकाणी ती पोळ्यानंतर, पितृपंधरवडा संपण्यापूर्वी आटोपावयास हवी. जलाशय किती भरला याचा अंदाज तोवर बऱ्यापैकी आलेला असतो, चारीतील तण काढण्याइतका वेळ हाती असतो, आणि ऊसतोडीला जाणारी मंडळी अजून गावात असतात. जाण्यापूर्वी आपल्या वाट्याचे सात नंबरचे फॉर्म भरून, आपल्या मागे दारे कोण धरणार याचे नाव वहीत लिहवून घेण्याइतका अवधी त्यांना मिळतो.